बोटीवरची माणसं कमी होणार का?

माझा मामा मालवाहू बोटीवर मोटरमन आहे. कोकणात "तो बोटीवर असतो" एवढं सांगितलं की पुरतं, पुढचं कोणी विचारत नाही. यंदा त्याच्या मुलाची बारावी झाली आणि त्यालाही बोटीवरच जायचंय. जी.पी. रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स, फी लाखांच्या घरात. मध्येच त्याने माणसांशिवाय चालणाऱ्या जहाजाचा व्हिडिओ पाहिला आणि मला फोन केला. "ताई, तू इंजिनियर ना, सांग. मी शिकून बाहेर पडेपर्यंत नोकरी उरेल का?" थर्ड इयरलाच मी घरात इंजिनियर! पण आपल्या हॉस्टेलवरही जी.एम.ई. करून मर्चंट नेव्हीत जाऊ म्हणणारे मेकॅनिकलवाले कमी नाहीत, म्हणून जे वाचलं ते इथे लिहिते.

व्हिडिओतलं जहाज नॉर्वेचं 'यारा बिर्कलँड'. बॅटरीवर चालणारं, ८० मीटर लांब, १२० कंटेनर मावणारं. २०२२ पासून ते खत कारखान्यातून ब्रेव्हिक बंदरात माल नेतं. ऐकायला भारीच! पण अंतर किती? दहा सागरी मैलांच्याही आत, तेही किनारा धरून. आणि सुरुवातीला त्याच्यावरही माणसं ठेवलीच होती.

खुल्या समुद्राची गोष्ट वेगळी. 'मेफ्लॉवर' नावाची छोटी बोट ए.आय.च्या भरवशावर अटलांटिक ओलांडायला निघाली. २०२१ मध्ये अर्ध्यातून परत आली. २०२२ मध्ये पोचली, पण वाटेत अझोर्सला थांबून. दोन्ही वेळा घात केला तो जनरेटरच्या बाजूने. रस्ता शोधणं कॉम्प्युटरला जमलं, पण बिघडलेला स्विच बदलायला हात लागतात ना!

याहून मोठं उदाहरण 'डाली'चं. २६ मार्च २०२४ ला या कंटेनर जहाजाची वीज बाल्टिमोर बंदरात गेली आणि ते पुलावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावर २१ जणांचा क्रू, त्यातले २० भारतीय. इंजिनरूममधल्यांनी हाताने ब्रेकर टाकून वीज आणली, ती पुन्हा गेली. पायलटने वेळेवर कळवलं म्हणून पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली, नाहीतर किती गेले असते कोण जाणे. तपासात निघालं काय, तर एक सैल वायर! तिच्यावरच्या लेबलच्या पट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये नीट बसलीच नव्हती. माणसं असूनही हे घडलं, हे खरंच. पण समुद्राच्या मध्यावर अशी वायर शोधणार कोण?

म्हणजे निर्धास्त राहायचं का? तसंही नाही. जहाज एका दिवसात रिकामं होत नाही, एकेक पद गळत जातं. पूर्वी प्रत्येक मोठ्या जहाजावर रेडिओ ऑफिसर असायचा, मोर्स कोडवाला. सॅटेलाइटवर चालणारी नवी यंत्रणा आली आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून त्याची सक्तीच संपली. इंजिनरूममध्ये रात्रभर कोणीतरी जागं असायचं. आता बऱ्याच जहाजांवर रात्री तिथे कोणी नसतं, अलार्म सरळ ड्यूटीवरच्या इंजिनियरच्या केबिनमध्ये वाजतो. हे सगळं ए.आय.च्या आधीचं बरं का.

आता पाळी कोणाची? माझ्या मते नजर ठेवणाऱ्याची आणि गेज वाचणाऱ्याची, म्हणजे रेटिंगच्याच लोकांची. कॅमेरा रात्री झोपत नाही आणि सेन्सर घरी पैसे पाठवत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने स्वयंचलित जहाजांच्या चार पायऱ्या केल्यात. पहिलीत माणसं जहाजावरच, यंत्र फक्त मदतीला. चौथीत जहाज स्वतःच सगळं ठरवणार. त्यांचे नियम २०३२ पासून सक्तीचे करायचा बेत आहे. मला खुपतं ते मधलं, दूरनियंत्रणाचं. जहाज किनाऱ्यावरच्या खोलीतून चालवलं, तर ती खोली काही गुहागरला नसणार. बारावी झालेल्या मुलाला तिथे खुर्ची मिळणार नाही.

मामेभावाला मी "जाऊ नको" म्हटलं नाही. २०२१ च्या एका जागतिक अहवालात दर्यावर्दी साधारण १८.९ लाख आहेत आणि पुढे ऑफिसर कमी पडतील असं म्हटलंय. जहाज पंचवीसेक वर्षं चालतं, आज बांधलेली जहाजं माणसांसाठीच बांधलीत. पण नुसतं रंगकाम आणि पहारा यावर तीस वर्षं निघतील असं समजू नकोस, हे सांगितलं. रेडिओ ऑफिसर गेला, तसं २०१० च्या मनिला दुरुस्तीत इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे पद नियमात आलं. म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमच्यासाठीही जागा आहे! त्याच दुरुस्तीत इलेक्ट्रो-टेक्निकल रेटिंगही आहे. त्याला म्हटलं, कोर्सची फी भरण्याआधी मल्टिमीटर धरायला शिक. मामा सुट्टीवर आलाय, घरच्या पंपाच्या स्टार्टरपासूनच सुरुवात करा.