ओट्यावरचा उजेड

स्वयंपाकघरात फॉल्स सीलिंग करायचं ठरलं की दिव्यांचा पहिला नकाशा बहुतेक वेळा एकाच साच्यातला येतो. छताचा आयत आणि त्यात सारख्या अंतरावर सहा गोल. कागदावर तो नेटका दिसतो, पण त्यात ओटा नसतो आणि ओट्यापाशी उभं राहणारं माणूसही नसतं. ठाण्यातल्या आमच्या घरी असा नकाशा आला तेव्हा मी वायरमनला विचारलं, "या दिव्यांखाली कोथिंबीर चिरताना सावली कुठे पडेल?" त्यांनी कागद घडी घालून ठेवला. "ताई, संध्याकाळी दिवा लावूनच बघू," म्हणाले.

अंधार पडल्यावर आई रोजच्या जागी विळी घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. वायरमन लांब वायरला होल्डर लावून शिडीवर चढले. दिवा खोलीच्या मध्यावर धरला तर आईच्या डोक्याखांद्यांची सावली थेट विळीवर पडली. पातं चमकत होतं, बोटं मात्र अंधारात. "काकू, हलू नका हं," म्हणत त्यांनी दिवा भिंतीकडे सरकवत नेला, तशी सावली मागे हटत गेली. ओट्याच्या कडेपासून चार-पाच इंच आत दिवा आला, तेव्हा ती ओट्यावरून पूर्ण उतरली. ओटा दोन फूट खोल, म्हणजे दिव्याची जागा भिंतीपासून साधारण १९-२० इंचांवर. वरची कपाटं फूटभरच खोल असतात, त्यामुळे तीही झोताच्या आड येत नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत अडचण असते ती माळ्याची. ओट्याच्या वर सात फुटांवर सिमेंटचा दोन फुटी माळा असेल, तर छतातला दिवा तिथे कितीही मोठा घेतला तरी ओट्यापर्यंत पोचत नाही. अशा घरात छतातले दिवे वावरण्यापुरते ठेवावेत आणि ओट्यासाठी कपाटांच्या तळाला प्रोफाइल लाइट लावावा. तो पुढच्या कडेला, झोत भिंतीकडे वळवून लावला की डोळ्यांवर येत नाही. वर दुधी पट्टी हवीच. काळ्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये उघड्या एलईडी पट्टीचा ठिपका अन् ठिपका उमटतो आणि पीठ सांडलंय की दिव्याचं प्रतिबिंब आहे, तेच कळत नाही.

माळा नसेल तर हिशेब सोपा आहे. सीलिंग नऊ फुटांवर, ओटा पावणेतीन फुटांवर, मधलं अंतर सव्वासहा फूट. एवढ्या अंतरावर ३६ अंशांच्या दिव्याचा झोत सुमारे चार फुटांचं वर्तुळ पाडतो, तर ६० अंशांचा साधारण सव्वासात फुटांचं. अरुंद झोत शोकेसला शोभतो. ओट्यावर त्याने उजेडाची बेटं होतात आणि मध्ये काळोख उरतो. दहा फुटांच्या ओट्याला ६० अंशांचे, आठ-नऊ वॅटचे तीन दिवे, एकमेकांपासून तीन-साडेतीन फुटांवर पुरतात. त्यांचे झोत एकमेकांवर चढतात आणि एकाची सावली दुसरा पुसतो. या रांगेचं बटण वेगळं ठेवावं. रात्री पाणी प्यायला आलेल्याला सगळा ओटा उजळायची गरज नसते.

रंगाबद्दल मी जास्त आग्रही आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो; त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधालाच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घडणीमुळे स्वस्त दिव्यांत लाल रंग कमी पडतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप म्हणजे सीआरआय. दुकानात एक ८० आणि एक ९० सीआरआयचा दिवा शेजारी शेजारी लावायला सांगा आणि दोन्हींखाली तिखटाची पुडी धरा. पहिल्याखाली ते विटकरी दिसेल. मासळी ताजी आहे का, मटण शिजलं का, कांदा गुलाबी झाला की करपायला लागला, हे सगळं आपण रंगावरूनही ठरवतो. म्हणून स्वयंपाकघरात ९० च्या खालचा दिवा घेऊ नये, मग एखादा दिवा कमी बसवावा लागला तरी चालेल. उजेड ४००० केल्विनचा असावा. ६५०० चा निळसर उजेड दुकानात लख्ख वाटतो, पण घरात त्याखाली वरणभातही फिकट दिसतो.

आता सीलिंगच्या पोटात बघा. जिप्सम बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा असतो आणि तो पत्र्याच्या चॅनेलांच्या जाळीवर स्क्रूने बसतो. बोर्ड लागला की जाळी झाकली जाते. मग गोल कापणारं ड्रिल ठरलेल्या जागी लावावं तर नेमकं चॅनेलवर जातं. अशा वेळी कारागीर एक तर चॅनेल कापतो, नाही तर दिवाच सहा इंच सरकवतो. सावली हटवण्यासाठी मोजूनमापून काढलेले इंच तिथेच वाया जातात. म्हणून आमच्या वायरमननी जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, ओळंब्याने त्या वर नेल्या आणि सीलिंगवाल्याने त्या खुणा सोडून चॅनेल टाकले. प्रत्येक खुणेपाशी दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचा हातभर लूप लोंबता ठेवला. दिव्याच्या आधी बहुधा त्याला वीज पुरवणारी डबी, म्हणजे ड्रायव्हर जातो आणि तो बदलताना त्याच भोकातून खाली ओढून काढावा लागतो. ती डबी उष्णतेने लवकर मरते, म्हणून सीलिंगच्या वर चार-पाच इंचांची मोकळी जागा ठेवावी आणि तिथे थर्माकोल किंवा गोणपाट कोंबू नये.

तुमच्या घरी हे काम निघालं असेल, तर बोर्ड लागण्याआधी जाळीला मोजपट्टी धरून फोटो काढा. प्रत्येक दिव्याचं दोन भिंतींपासूनचं अंतर इंचांत लिहा आणि तो कागद वायरमन, सीलिंगवाला आणि सुतार या तिघांनाही द्या.