प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नसलेला परदेश

मुंबई, प्रतिनिधी

एप्रिल-मे महिना आला की लालबागच्या मिरची गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. वर्षभराचा मसाला कुटून घेण्यासाठी आलेल्या गृहिणी, डंकांचा आवाज, हवेतला मिरचीचा ठसका, आणि या सगळ्यातून वाट काढत चिवडा गल्लीकडे वळलेली आणखी एक मंडळी, ती म्हणजे परदेश सहलीला निघालेली. चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, लोणच्याची छोटी बाटली अशी सामग्री बॅगेत गेल्याखेरीज मराठी माणसाची परदेशवारी सुरू होत नाही. त्यात हसण्यासारखे काही नाही. परक्या मुलखात तिसऱ्या दिवशी जीभ घरच्या चवीसाठी आसुसतेच.

प्रश्न चिवड्याचा नाहीच. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश पाहून परतलेल्या प्रवाशाला तिथला मनोरा किती उंच होता हे सांगता येते, पण तिथली माणसे सकाळी काय खातात, कामावर कशी जातात, म्हातारी माणसे दुपारी कुठे बसतात हे सहसा सांगता येत नाही. पूर्वी आपल्याकडे काशी करीत, आता स्वित्झर्लंड ‘करतात’. क्रियापद तेच राहिले, आणि त्याबरोबर दर्शन घेऊन रांगेतून पुढे सरकण्याची सवयही राहिली.

याचे सारे खापर सहल कंपन्यांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. भाषेची अडचण, जेवणाची चिंता आणि व्हिसाची कटकट या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतल्या म्हणूनच गिरणगावातल्या चाळीत आयुष्य काढलेले आजी-आजोबा विमानात बसू शकले. मात्र सहलीचे वेळापत्रक ज्याला तिकीट आहे आणि ज्याची उघडण्याची वेळ ठरलेली आहे, अशाच गोष्टींभोवती बांधता येते. रोजच्या जगण्याला प्रवेशद्वार नसते. त्यामुळे ते पत्रकात छापता येत नाही.

मराठीतल्या जुन्या प्रवाशांनी मात्र नेमके हेच टिपले. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकात आधी लोकस्थिती आणि मग प्रवासवृत्त, हा क्रम बोलका आहे. तिथली घरे, शाळा, स्त्रियांच्या संस्था कशा चालतात याकडे त्यांचे लक्ष होते. त्यांनी कौतुक भरपूर केले, पण कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीकडे डोळेझाक केली नाही. तिकडे अभ्यासलेली बालोद्यान शिक्षणपद्धती त्यांनी इकडे आणली, आणि ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू केले.

दुसरे नाव गिरणगावाच्या अधिक जवळचे आहे. गिरणीत काम केलेले, लाल बावटा कलापथकातून कामगार वस्त्यांमध्ये गाजलेले शाहीर अण्णाभाऊ साठे १९६१ साली सोव्हिएत रशियाला गेले आणि त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक आले. वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या माणसाचा हा विमानप्रवास होता. तिथला कष्टकरी कसा जगतो हे त्यांच्या कुतूहलाचे केंद्र होते, कारण इथला कष्टकरी कसा जगतो हे त्यांना ठाऊक होते. अर्थात ते पाहुणे म्हणून गेले होते, आणि यजमान जे दाखवतो तेच पाहुण्याला दिसते, ही मर्यादा त्या पुस्तकालाही आहे. आजच्या सहलीतल्या प्रवाशाची स्थिती याहून फार निराळी नाही. तोही दाखवलेलेच पाहतो.

मग न दाखवलेले कसे पाहावे? सिंगापूरचे उदाहरण घेऊ. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी, आणि परतल्यावरचा शेरा ठरलेला, ‘काय ती स्वच्छता!’ हे वाक्य कौतुकाचे असले तरी त्यात कुतूहल नाही. तिथल्या एखाद्या ‘हॉकर सेंटर’मध्ये तासभर बसले तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. छपराखाली ओळीने शंभरेक छोटी दुकाने, प्रत्येकाचे एक-दोन ठरलेले पदार्थ, मध्ये सामाईक टेबले. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट पडलेले दिसले तर ती जागा अडवलेली आहे असे समजायचे. आपल्या एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा हा सख्खा भाऊच! जेवण झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचे. पण हे सारे केवळ लोकांच्या अंगवळणी पडलेल्या शिस्तीतून घडलेले नाही. २०२१ पासून त्यासाठी दंडाची तरतूद लागू झाली. आणि ही दुकाने एके काळी आपल्यासारखीच रस्त्यावर होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली, आणि १९७१ ते १९८६ या काळात नळ, गटार, वीज असलेली केंद्रे बांधून त्यांना तिथे हलवले. २०२० साली या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले.

एवढे कळल्यावर लालबागच्या पदपथावरचा वडापाववाला आणि महापालिकेची गाडी यांच्यातला रोजचा लपंडाव वेगळा दिसू लागतो. हा लपंडाव कोणी कोणत्या किमतीवर संपवला, हे पाहणे स्वच्छतेच्या कौतुकापेक्षा जास्त रंजक आहे. पोटापुरते कमावणाऱ्याला उठवण्याआधी नळ आणि गटार देणे, ही त्यातली कळीची गोष्ट!

यासाठी सहल सोडावी लागत नाही. बस बहुधा आठ-नऊला सुटते. त्याआधीचा तास हॉटेलच्या आसपास चालण्यात घालवला तर शाळेची मुले, पाव नेणारी माणसे, कचऱ्याची गाडी, दुकानाचे दार उघडणारा दुकानदार हे सगळे फुकट दिसते. मोकळी दुपार मिळाली तर मॉलऐवजी साधे किराणा दुकान गाठावे. दूध, तांदूळ, कांदा यांचे भाव पाहावेत, पण त्यांचे रुपये करण्याआधी तिथल्या मजुराला एका तासाचे किती मिळतात ते विचारावे. नाहीतर प्रत्येक देश महागच वाटतो. ट्रामने किंवा शहर बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परतावे. नमस्कार, आभार, माफ करा एवढे तीन शब्द स्थानिक भाषेत पाठ असले तरी समोरचा चेहरा बदलतो.

एक सावधगिरी मात्र हवी. रोजचे जगणे पाहायला गर्दी झाली की ते जगणेच अवघड होते. बार्सिलोनाच्या बोकेरिया मंडईत पर्यटकांमुळे गृहिणींना भाजी घेणे कठीण झाले, तेव्हा २०१५ मध्ये तिथे शुक्रवारी आणि शनिवारी मोठ्या गटांना बंदी घालण्यात आली. क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांमध्ये फोटो काढणाऱ्यांना २०१९ पासून दहा हजार येन दंडाचे फलक लागले. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. लालबागहून काही मिनिटांवर, महालक्ष्मी स्थानकाजवळच्या पुलावर परदेशी पर्यटक उभे राहून खालच्या धोबीघाटाचे फोटो काढत असतात. खाली कपडे आपटणारा माणूस अनेकदा वर पाहतही नाही. त्याला वरून काय दिसत असेल याचा अंदाज आहे. त्याच्याशी बोलायला जिना उतरून येणारे थोडे, पण जे येतात त्यांना कोणत्या हॉटेलाची चादर कोणत्या खुणेवरून ओळखायची हेही तो सांगतो.