पाच ब्रास म्हणजे किती?

वाळू आपल्याकडे ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजनाने साधारण साडेचार टन. कण एक मिलिमीटरचा धरला, तर ब्रासभर वाळूत तीनशे कोटींहून जास्त कण बसतात. घरकुलासाठी पाच ब्रास आणली, तर अंगणात पडलेल्या त्या ढिगात जगातल्या माणसांच्या जवळपास दुप्पट कण असतात.

जग तर वर्षाला 5,000 कोटी टन वाळू-खडी उपसतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 मध्ये हिशोब मांडला: एवढ्यात पृथ्वीभोवती 27 मीटर रुंद, 27 मीटर उंच भिंत उभी राहील. दरवर्षी एक!

आपल्या भीमेत नवी वाळू येते कुठून? 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, तेव्हापासून वरची वाळू तिथेच अडकते. भीमेला मिळणाऱ्या नीरेच्या खोऱ्यातही भाटघर, वीर ही धरणं आहेतच. हत्तरसंग कुडलला भीमा-सीना संगमावर शके 940 चा मराठी शिलालेख आहे. त्या अक्षरांनी हजार वर्षं पाहिली. तिथली वाळू आपण एका पिढीत संपवू शकतो.

उन्हाळ्यात कोरड्या पात्रात हातभर झिरा उकरा. आधी ओल लागते, मग तळाशी वाटीभर पाणी जमतं, गाळून घेतल्यासारखं स्वच्छ. वाळूत तिसरा हिस्सा पोकळीच असते. एका ब्रासमध्ये हजारेक लिटर पाणी मावतं. ट्रॅक्टरमागे ते पाणी ठिबकत जाताना मला फार वाईट वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये पाच हेक्टरांखालच्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं. आता जिल्हा सर्वेक्षण अहवालही लागतो. पण खरं काम गावच्या नकाशावर आहे. सातबाऱ्यावर विहीर नोंदवतो, झाड नोंदवतो. तशी नदीतली राखीव वाळूही आराखड्यात आखली पाहिजे. बांधकामाला कृत्रिम वाळू हवी, तर तिच्यासाठीचा दगडही आधीच राखायला हवा. त्यावर एनए प्लॉट पडले की क्रशर कुठे लावणार?

दोन हजार वस्तीचं गाव घ्या. पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ 300 मीटर लांब, 100 मीटर रुंद पात्रात मीटरभर वाळू शाबूत आहे. तिच्यात एक कोटी लिटर पाणी मावतं. निम्मंच हाती लागलं, तरी माणशी रोज 55 लिटरप्रमाणे 45 दिवस पुरतं. म्हणजे अर्धा एप्रिल आणि सगळा मे.