ग्रेप, सेड आणि मराठीचा काना

एलएस, सीपी, एमव्ही, आरएम. युनिक्सच्या आज्ञांची नावं अशी अर्धपोटी का? १९७० च्या आसपास न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ज्या टेलिटाइपवर काम करत, ते यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं. कळा दाबायलाही बोटांत जोर हवा. एक अक्षर वाचलं तरी कमाईच. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल, असं थॉम्प्सन यांना पुढे विचारलं गेलं. 'क्रिएट' या सिस्टिम कॉलच्या शेवटी गाळलेला 'ई' परत लावीन, असं त्यांचं उत्तर होतं.

एका रात्रीचं ग्रेप

फायलींच्या ढिगातून हवी ती ओळ शोधणारं ग्रेप थॉम्प्सन यांनी एका रात्रीत लिहिलं, अशी दंतकथा आहे. सहकारी डग मॅक्इलरॉय म्हणाले, असं काहीतरी हवं. थॉम्प्सन म्हणाले, रात्रभर विचार करतो. सकाळी ग्रेप हजर. खरी गंमत थॉम्प्सन यांनीच २०१९ मधल्या एका जाहीर मुलाखतीत सांगितली. ते साधन त्यांनी स्वतःपुरतं आधीच लिहून ठेवलं होतं. रात्री फक्त डागडुजी झाली. ऑफिसात 'उद्या देतो' म्हणणाऱ्यांनी हे तंत्र जरूर आत्मसात करावं.

पाइपची गोष्ट मात्र खरोखरच एका रात्रीची. प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे जोडता यावेत, हे मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहिलं होतं. मग ते वर्षानुवर्षं पिच्छा पुरवत राहिले. १९७३ मध्ये एका रात्री थॉम्प्सन यांनी ती सोय युनिक्समध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जो तो एका ओळीत चार आज्ञा ओवायला लागला.

दहा पानं विरुद्ध सहा आज्ञा

१९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिलं: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द मोजून दाखवा. क्नूथ म्हणजे संगणकशास्त्रातलं केवढं नाव! त्यांनी पास्कलमध्ये, स्पष्टीकरणासह, कित्येक पानांचा देखणा प्रोग्रॅम रचला. समीक्षेसाठी तो मॅक्इलरॉय यांच्याकडे गेला. त्यांनी कौतुक केलं आणि खाली सहा आज्ञांची एक पाइपलाइन लिहून दिली: टीआर, पुन्हा टीआर, सॉर्ट, युनिक, पुन्हा सॉर्ट, सेड. काम तेच.

क्नूथ यांच्यावर हा जरा अन्यायच आहे. त्यांना प्रोग्रॅम कसा लिहावा हे दाखवायला सांगितलं होतं, तो कसा टाळावा हे नव्हे. पण त्या सहा आज्ञांचा सांगाडा आजही रोज उपयोगी पडतो. सर्व्हरवर कोणत्या पत्त्यावरून सगळ्यात जास्त धडका बसताहेत? लॉगमधला पत्ता ऑक या आज्ञेने उचलायचा, पुढे सॉर्ट | युनिक मायनस सी | सॉर्ट मायनस आरएन. झालं. दुसरं टीआर फक्त कॅपिटल अक्षरांची स्मॉल करायला होतं. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे आपली पाइपलाइन पाच आज्ञांची.

इथेच नवशिक्याची फजितीही होते. युनिकला फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी दिसतात. मध्ये एक वेगळी ओळ आली की पहिल्या ओळीचं त्याला विस्मरण होतं. म्हणून आधी सॉर्ट. ओळींचा मूळ क्रम मोडायचा नसेल तर ऑकचा चिमुकला मंत्र आहे: !सीन[$०]++. एवढ्यात दुसऱ्यांदा आलेली प्रत्येक ओळ गायब. शेलमधलं इतकं आटोपशीर वाक्य मला तरी दुसरं माहीत नाही.

सॉर्टचंही स्वतःचं डोकं आहे. मायनस एन सांगितलं नाही तर १० हा ९ च्या आधी येतो, कारण ते शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघतं. डीयू मायनस एचने दिलेले केबी, एमबी, जीबी लावायचे तर सॉर्टलाही मायनस एच द्या.

मराठी आली की

'मराठी' हा शब्द डब्ल्यूसीला मोजायला दिला तर मायनस सी म्हणतं १५ आणि मायनस एम म्हणतं ५. आपल्याला अक्षरं दिसतात तीन. तिघंही बरोबर! युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म, र, काना, ठ, वेलांटी अशी ती पाच चिन्हं. 'क्ष' दिसायला एकच, पण आत क, हलंत आणि ष मिळून नऊ बाइट. आणि ही युटीएफ-८ कुणाची? पुन्हा तेच थॉम्प्सन. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, रॉब पाइक यांच्यासोबत जेवताना, ताटाखालच्या कागदावर त्यांनी ती आखली.

रेव्ह ही आज्ञा ओळ उलटी करते. 'मराठी' दिलं तर आधी अनाथ वेलांटी आणि मग 'ठारम'. देवनागरी आकड्यांची यादी इंग्रजी आकड्यांत बदलायला कुणी लिनक्सवर ग्नूचं टीआर वापरलं, तर पदरी कचरा पडतो. ते चिन्हं बघत नाही, एकेक बाइट बघतं. तिथे सेडची 'वाय' आज्ञा वापरावी. लोकेल युटीएफ-८ असेल तर ०१२३४५६७८९ ची अदलाबदल ती निमूट करते.

एका स्पेसची किंमत

२०११ मध्ये बंबलबी नावाच्या एका लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये आरएम मायनस आरएफ पुढच्या पत्त्यात, /युएसआर नंतर एक चुकार स्पेस पडली. मिटवायचा होता आतला एक छोटा फोल्डर, मिटला अख्खा /युएसआर. शेलला स्पेस दिसली की तिथे शब्द संपतो, हा साधा नियम. म्हणून फायलीच्या नावाभोवती अवतरणं घाला, आणि व्हेरिएबलभोवती तर घालाच.

न दिसणाऱ्या चिन्हांचा छळ याहून चिवट. विंडोजवर जतन केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही, डोळ्यांना तर सगळं ठीक दिसतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न दडलेला असतो. टेलिटाइपचा छपाईचा भाग डावीकडे परत आणण्याचा तो हुकूम. यंत्र भंगारात गेलं, हुकूम उरला. टीआर मायनस डीने तो झाडून टाकता येतो. इथे मात्र टीआर बिनधास्त वापरा.

बिंदूने सुरू होणाऱ्या फायली एलएस दाखवत नाही, ही कुणी विचारपूर्वक केलेली सोय असेल असं वाटतं ना? रॉब पाइक यांच्या सांगण्यानुसार ती घाईतली चूक. फक्त 'बिंदू' आणि 'दोन बिंदू' या दोन नोंदी लपवायच्या होत्या. लिहिणाऱ्याने पहिलं अक्षर बिंदू आहे का एवढंच तपासलं. तेव्हापासून सगळ्या सॉफ्टवेअरांनी आपली अडगळ तिथेच कोंबली.

स्टीफन बोर्न हे अल्गॉल ६८ या भाषेचे भक्त. म्हणून त्यांच्या शेलमध्ये 'इफ' संपतं 'फि'ने आणि 'केस' संपते 'इसॅक'ने. मग 'डू' संपायला हवं होतं 'ओडी'ने. पण फायलीतले बाइट दाखवणारी ओडी नावाची आज्ञा आधीच ठाण मांडून बसली होती. तडजोड म्हणून 'डन' आलं.

आणि कॅल ९ १७५२ टाइप करून बघाच. २ सप्टेंबरनंतर थेट १४. ब्रिटनने त्या महिन्यात ग्रेगरियन कॅलेंडर स्वीकारलं, तेव्हा ११ तारखा गिळल्या गेल्या.

ऑक तिघांचं: आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन, १९७७. ग्नूच्या ऑकला बहुबाइटी अक्षरं कधीपासून समजत होती, पण मूळ ऑक 'मराठी'ची लांबी १५च सांगायचं. २०२२ मध्ये युनिकोडचा तो बदल लिहून पाठवला खुद्द ब्रायन कर्निगन यांनी, वयाच्या ८० व्या वर्षी. सोबतच्या ईमेलमध्ये तक्रार एकच होती: हे गिट प्रकरण आपल्याला नीट कळत नाही.