मानवतावादी वैद्यकीय मदत : संकल्पना, मर्यादा आणि डॉ. कोटणीस यांचे कार्य

प्रस्तावना

युद्ध, दुष्काळ, भूकंप, महापूर किंवा साथीचा रोग यांमुळे एखाद्या समाजाची आरोग्यव्यवस्था कोलमडते, तेव्हा बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय साहाय्यास मानवतावादी वैद्यकीय मदत असे म्हटले जाते. ही मदत श्रीमंत राष्ट्रांनी द्यावयाची आणि गरीब राष्ट्रांनी घ्यावयाची, असा सर्वसाधारण समज आढळतो. महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण या समजास छेद देते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे पारतंत्र्यात असलेल्या आणि दारिद्र्याने ग्रासलेल्या देशातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याच्या आधारे अशा मदतीचे स्वरूप, तिची तत्त्वे आणि मदतकर्ते निघून गेल्यानंतर मागे काय उरते, या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पनेचा विकास

१८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर उपचाराविना तळमळणारे सैनिक आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने पाहिले. त्याच्या प्रयत्नांतून १८६३ मध्ये रेडक्रॉसचा पाया घातला गेला आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे आणि शुश्रूषा करणाऱ्यांना संरक्षण मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता आणि स्वायत्तता ही या क्षेत्राची चार प्रमुख तत्त्वे मानली जातात. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या 'मेदसँ साँ फ्राँतिएर' म्हणजेच 'सीमारहित डॉक्टर' या संघटनेने उपचारांबरोबरच डोळ्यांदेखत घडणाऱ्या अन्यायाविषयी बोलणे हेही आपले कर्तव्य मानले. या संघटनेस १९९९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतीय वैद्यकीय पथक

१९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. चीनचे सेनानी चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानंतर लोकवर्गणी जमा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. डॉ. मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी पथकाने मुंबई सोडली आणि १९३९ च्या आरंभी ते येनान येथे पोहोचले.

पथकातील इतर चौघे टप्प्याटप्प्याने भारतात परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील आघाडीच्या प्रदेशात कार्यरत राहिले. याच प्रदेशात कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावे उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या विकाराने वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

शस्त्रक्रियेपलीकडील कार्य

कोटणीसांनी असंख्य जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. परंतु त्यांच्या कार्याचे महत्त्व केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजता येत नाही. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्या भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविले आणि शल्यचिकित्सेवर अध्यापनासाठी लेखनही केले. दुभाष्याच्या मदतीने रुग्ण तपासता येतो, पण एखादी पिढी घडविता येत नाही, हे यातून स्पष्ट होते. शस्त्रक्रियेने एक रुग्ण वाचतो. शिकविलेला विद्यार्थी डॉक्टर गेल्यानंतरही रुग्ण वाचवीत राहतो.

तटस्थतेचा प्रश्न

या उदाहरणाची दुसरी बाजूही तपासणे आवश्यक आहे. हे पथक रूढ अर्थाने तटस्थ नव्हते. साम्राज्यवादाविरुद्ध लढणाऱ्या एका राष्ट्राशी दुसऱ्या परतंत्र राष्ट्राने व्यक्त केलेली ती बांधिलकी होती. कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले आणि १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. बांधिलकीमुळे स्थानिकांचा विश्वास लवकर मिळतो, मात्र विरुद्ध बाजूच्या रुग्णांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग अरुंद होतो. तटस्थतेमुळे तो मार्ग खुला राहतो, पण अन्यायासमोर मौन पाळल्याचा आरोप पत्करावा लागतो. हा पेच आजही सुटलेला नाही.

घेणारा महाराष्ट्र

मदत देणारा आणि घेणारा या भूमिका कायमच्या नसतात. ज्या मुंबईतून १९३८ मध्ये पथक रवाना झाले, त्याच मुंबईत 'सीमारहित डॉक्टर' संघटनेने एचआयव्हीबाधित आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले. येथे युद्ध नव्हते. दाट वस्ती, कुपोषण आणि अर्धवट राहिलेले उपचार हेच संकट होते. अशा कार्याची फलश्रुतीही अखेर शासकीय यंत्रणेने ती उपचारपद्धती किती स्वीकारली यावरच अवलंबून असते.

निष्कर्ष

मानवतावादी वैद्यकीय मदतीची खरी कसोटी पथक पोहोचण्यात नसून पथक परतल्यानंतर स्थानिकांच्या हाती काय राहते यात आहे. समुद्र आणि वसईची खाडी यांच्या सान्निध्यात वाढलेल्या मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरालाही हे लागू पडते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मुंबई परिसरास दाखवून दिले की, रस्ते व रेल्वे बंद पडल्यावर बाहेरची मदत येईपर्यंत शेजारीच शेजाऱ्याचा आधार असतो. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून प्रथमोपचार, स्वच्छ पाणी आणि साथरोगांची प्राथमिक ओळख यांचे प्रशिक्षण नियमितपणे दिले, तर वर्गातील विद्यार्थी संकटकाळी पहिला मदतकर्ता ठरू शकेल. कोटणीसांच्या स्मृतीचा प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने हाच सर्वांत उपयुक्त अर्थ होय. कारण आघाडीवर शस्त्रक्रिया करणारा हा डॉक्टर अखेरपर्यंत शिक्षकही होता.