मुक्ती पाच दिवसांत, घडी आठ वर्षांत

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरकडच्या शाळांमध्ये झेंडावंदन होते. पहिलीदुसरीतले एखादे पोर विचारते, ‘गुरुजी, झेंडावंदन तर ऑगस्टमध्ये झालं, आता पुन्हा कशाला?’ गुरुजी निजामाची गोष्ट सांगतात, रझाकारांची सांगतात, पोलीस ॲक्शनची सांगतात आणि गोष्ट तिथेच संपते. १८ सप्टेंबरला काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. आज त्या १८ तारखेपासूनच्या दिवसांविषयी थोडे बोलायचे आहे.

आधी थोडी उजळणी करू. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९४७ साली निजामाने भारतात सामील व्हायचे नाकारले आणि नोव्हेंबरात फक्त ‘जैसे थे’ करार केला. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावे लुटली, जाळली. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, तर तरुण सैनिक सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांनीच लुटली. मात्र हा लढा मुसलमानांशी नव्हता, राजवटीशी होता. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. सारे पाच दिवसांत आटोपले. पण त्यानंतर सुडाची लाट उठली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची सदिच्छा समिती वर्षअखेरीस संस्थानात फिरली. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा अंदाज तिने नोंदवला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्याचे अहवालात आहे. मारले गेले ते बहुतेक सामान्य मुसलमान. हा अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. २०१३च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहायला मिळाला.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याची उदाहरणे समितीला आढळली. मागावर शेजारी बसणाऱ्याने शेजाऱ्याला ओळखले, असेच म्हणायचे.

आता पुढची घडी बसवायची होती. आधी जनरल चौधरींचा लष्करी अंमल आला, मग वेलोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. १९५२च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त सरकार आले. गंमत म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढलो तो निजामच राजप्रमुख! अनेक सैनिकांना ते सलत राहिले. तरी १९४९मध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५०च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणून हक्क मिळू लागला. बाजारातला हाली सिक्का मागे पडून भारतीय रुपया आला. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. १९५०मध्येच नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. ज्या मुलखात वरचे शिक्षण उर्दूतून होते, तिथे ही मोठीच गोष्ट होती.

मोठा वाद मात्र वेगळाच होता. हैदराबाद एक ठेवायचे की भाषेप्रमाणे वाटायचे? काँग्रेसमध्येच दोन तट पडले. स्वामीजींचा आग्रह त्रिभाजनाचा होता, नेहरू आधी त्याला अनुकूल नव्हते. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थान नकाशावरून गेले. बिदरमधले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके इकडे आले. आदिलाबादेतले किनवटही आले. नांदेडचा जुक्कल, मुधोळकडचा भाग आंध्रात गेला. त्या सरहद्दीवर आजही एकाच घरात मराठी आणि तेलुगू ऐकू येते. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी आपल्या पुस्तकाच्या नावात ‘विमोचन’ आणि ‘विसर्जन’ असे दोन शब्द वापरले आहेत. विमोचनाला पाच दिवस लागले, विसर्जनाला आठ वर्षे.

त्यानंतरही सारे संपले नाही. १९५३च्या नागपूर कराराने मराठवाड्याला नोकऱ्या, शिक्षण, निधी यांत न्याय्य वाट्याचा शब्द दिला होता. तो पुरता पाळला गेला नाही, ही भावना १९७४च्या विकास आंदोलनात रस्त्यावर आली. अनुशेषाची भाषा तेव्हापासून आपल्या ओठांवर आहे.

ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. आपल्या गावात असे कोणी असेल, तर जरूर जाऊन बसा. रझाकारांनी जाळलेल्या घराची गोष्ट ऐका आणि सप्टेंबरनंतर रिकाम्या झालेल्या गल्लीचीही ऐका. एक ऐकून दुसरी टाळली, तर १७ सप्टेंबरचा अर्थ आपल्याला अर्धाच कळेल. झेंड्याखाली उभ्या असलेल्या पोराला तो पुरता सांगणे आपल्याकडे लागू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)