आत गेल्याशिवाय कळत नाही

हातभर लांब, पाणी प्यायच्या पेल्याएवढी जाड, अर्धा किलोही वजन नसलेली पुठ्ठ्याची एक नळी. आत दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारे संवेदक, स्वतःची जागा सांगणारं जीपीएस, एक छोटा रेडिओ आणि वरच्या टोकाला घडी घालून बसवलेली छत्री. या नळीला ड्रॉपसोंड म्हणतात. तीन किलोमीटर उंचीवरच्या विमानातून ती खाली सोडली की समुद्राला टेकायला तिला चारेक मिनिटं लागतात. सेकंदाला दोनदा ती दाब आणि तापमान कळवते, वारा त्याहूनही जास्त वेळा. मग पाण्यात पडते आणि गप्प होते. ती परत आणायला कोणी जात नाही.

१९ ऑक्टोबर २००५ रोजी अशी एक नळी कॅरिबियन समुद्रात विल्मा नावाच्या हरिकेनच्या डोळ्यात पडली. पाण्याला टेकताना तिने दाब सांगितला ८८४ मिलिबार. एरवी समुद्रसपाटीला तो १०१३च्या आसपास असतो. पण तिच्या शेवटच्या नोंदीत वाराही होता, २३ नॉट, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटर. डोळ्याच्या अगदी मधोमध वारा जवळजवळ पडलेला असतो. त्यावरून नळी मध्यबिंदूपासून जराशी बाजूला पडली असणार आणि खरा दाब आणखी खाली असणार, हे उघड होतं. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने तेवढा फरक धरला आणि ८८२ हा आकडा नोंदवला. अटलांटिक महासागरात याहून कमी दाबाच्या हरिकेनची नोंद आजवर नाही. या विक्रमाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्यातली दोन मिलिबारची वजाबाकी जास्त भावते. अशा वादळातही कोणीतरी शांतपणे विचार केला होता, की आपली नळी नेमकी कुठे पडली?

आदल्या दिवशी विल्मा जेमतेम हरिकेन म्हणण्याजोगी होती. चोवीस तासांत तिचा दाब ९७ मिलिबारने कोसळला. डोळा आकसत आकसत पावणेचार किलोमीटर रुंदीचा झाला. अमेरिकी वायुदलाचं चार पंख्यांचं हर्क्युलिस विमान एवढं अंतर अर्ध्या मिनिटात ओलांडतं. त्या अर्ध्या मिनिटात मध्य गाठायचा, नळी सोडायची आणि समोरच्या ढगांच्या भिंतीत पुन्हा घुसायचं.

उपग्रह असताना माणसांना आत कशाला पाठवायचं, असा प्रश्न साहजिकच पडतो. उपग्रहाला वादळाचं छप्पर दिसतं. पंधरा किलोमीटर उंचीवरचे ढगांचे माथे किती थंड आहेत, किती गोल फिरताहेत, डोळा किती स्वच्छ उघडलाय, यावरून खालची ताकद अंदाजावी लागते. अंदाज बहुतेकदा बरा असतो. पण किनाऱ्यावरच्या माणसाला छपराशी देणंघेणं नसतं. त्याच्या ओसरीवर किती वारा येणार, उंबऱ्याशी किती पाणी लागणार, हे त्याला हवं असतं, आणि ते ठरतं समुद्राला लागून असलेल्या शेवटच्या काही मीटरच्या हवेत.

२००५चा हंगाम असा होता की या अंदाजांना उसंतच मिळाली नाही. अटलांटिकचा हरिकेन हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात आणि त्या काळातला नेहमीचा हिशेब वर्षाला नाव दिलेल्या दहा-अकरा वादळांचा होता. त्या वर्षी एकूण २८ वादळं झाली. त्यातली १५ हरिकेन, आणि पाचव्या म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोचलेली चार: एमिली, कतरिना, रिटा, विल्मा. नावांच्या यादीत २१ नावं असतात, ती विल्मापाशी संपली आणि पुढच्या वादळांना अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरं द्यावी लागली. एक वादळ तर अझोर्स बेटांजवळ कोणाच्या लक्षात न येता होऊन गेलं. हंगाम सरल्यावर कागद पुन्हा तपासताना ते सापडलं. शेवटचं झीटा ३० डिसेंबरला जन्मलं आणि नवीन वर्षातही जिवंत होतं. पुढे २०२०मध्ये नाव दिलेली ३० वादळं होऊन हा विक्रम मोडला.

वादळात विमान घालण्याची सुरुवात एका पैजेतून झाली. २७ जुलै १९४३. टेक्ससमधल्या ब्रायनच्या तळावर कर्नल जो डकवर्थ वैमानिकांना केवळ उपकरणांच्या भरवशावर उडायला शिकवत होते. शिकायला आलेल्या ब्रिटिश वैमानिकांनी त्यांच्या एटी-सिक्स या सरावाच्या विमानाची थट्टा केली आणि पैज लागली. त्याच दिवशी गॅल्व्हेस्टनकडे हरिकेन येत होतं. डकवर्थ आपल्या नॅव्हिगेटरला घेऊन एका इंजिनाच्या त्या विमानातून थेट डोळ्यात जाऊन आले. परतल्यावर तळावरचा हवामान अधिकारी म्हणाला, मलाही न्या. तेव्हा त्याला घेऊन ते पुन्हा गेले. एकाच दिवसात दोनदा!

आता हे काम दोन जण करतात. वायुदलाचं ५३वं हवामान टेहळणी पथक मिसिसिपीतल्या बिलॉक्सीजवळच्या कीस्लर तळावर असतं, दहा हर्क्युलिस विमानं घेऊन. दुसरी नोआ ही नागरी संस्था. तिची दोन पी-थ्री ओरायन विमानं १९७०च्या दशकातली. बाहुल्यांच्या मपेट कार्यक्रमातल्या पात्रांवरून त्यांची नावं कर्मिट आणि मिस पिगी अशी आहेत. ज्या ज्या वादळात विमान शिरलं त्याचं नाव त्याच्या अंगावर चिकटवलेलं असतं, आणि ती रांग बरीच लांब झाली आहे.

उड्डाण दहा-दहा तासांचं. नकाशावर वादळावर एक मोठी फुली मारल्यासारखा मार्ग असतो: एका कोपऱ्यातून, मध्यापासून दोनशे किलोमीटरवरून, सरळ आत यायचं, डोळा ओलांडून पलीकडे निघायचं, वळसा घालायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा आत. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, त्यामुळे आत जाताना वारा डाव्या पंखाकडून येतो. तो डावीकडेच ठेवत गेलं की मध्य सापडतो. बराच वेळ खिडकीबाहेर नुसता राखाडी पडदा असतो. मग पावसाचे पट्टे लागतात, मग डोळ्याभोवतीची भिंत. ती काही मिनिटांची असते, पण त्या मिनिटांत बांधून न ठेवलेली प्रत्येक वस्तू उडते. आणि एकदम उजेड. वर निळं आकाश, चहूबाजूंनी क्रीडांगणाच्या सज्ज्यासारखी चढत गेलेली ढगांची पांढरी भिंत, खाली सगळीकडून एकमेकांवर आदळणाऱ्या लाटा. समुद्रावरचे पक्षीही अनेकदा या डोळ्यात अडकून फिरत असतात. वारा पडतो आणि दिशा पालटतो, तो बिंदू म्हणजे केंद्र. तिथे नळी सुटते. काही मिनिटांत तिचे आकडे उपग्रहामार्फत मायामीत टेबलावर येतात. तिथून दर सहा तासांनी सूचनापत्र निघतं. वादळ जमिनीजवळ आलं की मध्ये आणखी एक घालून दर तीन तासांनी.

हे काम सुरक्षित झालंय असं कोणी म्हणू नये. २६ सप्टेंबर १९५५ रोजी जॅनेट वादळात नौदलाचं एक विमान नऊ कर्मचारी आणि दोन पत्रकारांसह गेलं ते परत आलंच नाही. १५ सप्टेंबर १९८९ला कर्मिट ह्यूगो वादळात अवघ्या साडेचारशे मीटर उंचीवरून शिरलं. वादळ अंदाजापेक्षा फार ताकदवान निघालं, भिंतीत एक इंजिन पेटलं आणि डोळ्यात पोचेपर्यंत विमान पाण्यापासून तीनशे मीटरच्याही खाली आलं होतं. उरलेल्या तीन इंजिनांवर ते डोळ्यातच घिरट्या घालत तासभर वर चढत राहिलं. शेवटी वायुदलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतली त्यातल्या त्यात मऊ जागा शोधून दिली, तेव्हा सुटका झाली. त्या दिवशीचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरूनच केलेला होता.

जीपीएसवाल्या नळ्या १९९७पासून आल्या आणि त्यांनी जुना इतिहासही दुरुस्त केला. विमानाच्या उंचीवर वारा मोजता येत होता, पण पाण्याजवळ तो किती कमी होतो याबद्दल तर्कच होते. शेकडो नळ्यांच्या नोंदी जमल्यावर दिसलं, की डोळ्याच्या भिंतीत तीन किलोमीटरवर असलेल्या वाऱ्यातला नव्वद टक्के वारा खालीही टिकतो. मग १९९२च्या अँड्र्यूचे कागद पुन्हा काढले गेले. फ्लॉरिडात घरंच्या घरं भुईसपाट करणारं ते वादळ दहा वर्षं चौथ्या श्रेणीचं मानलं जात होतं. २००२मध्ये त्याचा वारा ताशी २३०वरून २६५ किलोमीटर ठरला आणि ते पाचव्या श्रेणीत गेलं. ज्यांची घरं गेली त्यांना नव्या श्रेणीचा काय उपयोग, असं वाटेल. पण पुढची घरं किती वाऱ्याला टिकतील अशी बांधायची, हे याच आकड्यांवर ठरतं.

कतरिनाच्या वेळी आकडे चुकले नव्हते, आणि म्हणून ती गोष्ट मला जास्त छळते. शुक्रवारी, २६ ऑगस्टच्या संध्याकाळपासून मायामीचा प्रत्येक अंदाज न्यू ऑर्लीन्सच्या आसपासचाच किनारा दाखवत होता. मेक्सिकोच्या आखातात उबदार पाण्याचा एक खोल प्रवाह वळसा घेतो. त्यावरून जाताना रविवारी कतरिना पाचव्या श्रेणीला पोचली. विमानांनी दाब मोजला ९०२ मिलिबार, वारा ताशी २८० किलोमीटर. केंद्राचे संचालक मॅक्स मेफील्ड यांनी शनिवारी रात्री न्यू ऑर्लीन्सच्या महापौरांना स्वतः फोन केला. शहर रिकामं करण्याचा सक्तीचा आदेश रविवारी सकाळी निघाला. सोमवारी, २९ ऑगस्टला किनाऱ्याला लागताना वारा उतरून श्रेणी तिसरी झाली होती.

आणि इथेच श्रेणीने घात केला. श्रेणी वाऱ्याची असते. पाचव्या श्रेणीत असताना उचललेलं पाणी वारा उतरला म्हणून मागे फिरत नाही. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर अनेकांनी १९६९चं कॅमिल पाहिलेलं होतं. ते पाचव्या श्रेणीचं. ज्या घरात कॅमिल सोसलं त्या घरात हे तिसऱ्या श्रेणीचं काय सोसवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पास ख्रिश्चनला पाणी साडेआठ मीटर चढलं, कॅमिलपेक्षाही वर. न्यू ऑर्लीन्समध्ये बांध फुटले आणि समुद्रसपाटीखालचं शहर भरत गेलं. मृतांचा आकडा आधी १८०० च्या वर सांगितला जात होता, २०२३मध्ये फेरतपासणीत तो १३९२ ठरला. श्रेणीच्या तक्त्यातून पाण्याच्या उंचीचे आकडे २०१०मध्ये काढून टाकले. समुद्राच्या उधाणाचा वेगळा इशारा २०१७पासून नियमित मिळू लागला. बारा वर्षं लागली.

आपल्याकडे चक्रीवादळात विमान घालण्याची नियमित सोय नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा ते मुंबई आणि गोव्याच्या रडारवर दिसत होतं. पण समुद्रात असताना त्याची ताकद मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांतल्या ढगांच्या आकारावरूनच ठरवावी लागली. व्हर्नन ड्वोराक या अमेरिकी शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात बसवलेली ही पद्धत जगभर वापरतात, आणि आपल्या हवामान खात्याने किनारा आणि वेळ वेळेवर सांगितली होती. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या वाड्यांतल्या पोफळी काड्या मोडाव्या तशा मोडल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. अरबी समुद्र तापतो आहे, हे आता कोकणात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याही वादळांच्या आत जाणारं एखादं विमान असावं, असं मला मनापासून वाटतं.

कतरिनाची मोजणी करणाऱ्यांचा स्वतःचा तळ कतरिनाच्याच वाटेत होता. बिलॉक्सी त्या वादळाच्या उजव्या बाजूला, म्हणजे पाणी जिथे सर्वांत उंच चढतं त्या बाजूला येत होतं. पथकाने विमानं आधीच हलवली. माणसं वादळात उडत होती आणि त्यांचे आकडे मायामीला जात होते. कीस्लरच्या तळावर पाणी शिरलं. पथकातल्या बऱ्याच जणांची घरं गेली. त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या डॉबिन्स तळावर बस्तान हलवलं आणि तिथून उड्डाणं चालू ठेवली. सप्टेंबरमध्ये रिटा आली तेव्हाही. तिचा दाब ८९५ मिलिबारपर्यंत उतरला होता, मेक्सिकोच्या आखातातला सर्वांत कमी.

विल्मात ती नळी सोडणारं विमान याच पथकाचं होतं. तेव्हा कतरिनाला सात आठवडे झाले होते.